आंबट झाले म्हणून साखर संपत नाही

शहरांतल्या दुकानांत आणि काही घरांच्या ओट्यावरही हल्ली कोम्बुचाच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. साखर घातलेला चहा यीस्ट आणि जिवाणूंच्या मदतीने आंबवला की हे पेय तयार होते. ‘साखर सगळी यीस्ट खाऊन टाकते, त्यामुळे मधुमेह असला तरी चालते’, असे सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे आणि मधुमेहींना तो महागात पडू शकतो.

यीस्ट साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. त्यांतून मुख्यतः अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सक्सिनिक, ॲसिटिक अशी सेंद्रिय आम्ले थोडीच. कोम्बुचाचा आंबटपणा प्रामुख्याने जिवाणूंचा. ते अल्कोहोलपासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, आणि ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतात.

मग साखर वाढवली तर ती सगळी आम्लात बदलेल का? नाही. साखर फार झाली की ती यीस्टच्या पेशीतले पाणी ओढून घेऊ लागते. मोरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. पेशी बचावासाठी ग्लिसरॉल साठवते आणि त्या खटाटोपात ॲसिटिक आम्लही जास्त तयार करते. जर्मनी आणि कॅनडात वेलीवर गोठलेल्या द्राक्षांपासून ‘आइस वाइन’ करतात. तिच्यात नेहमीच्या वाइनपेक्षा ॲसिटिक आम्ल अधिक असते आणि साखरही भरपूर उरते. म्हणजे आम्ल वाढले, तरी साखर संपली असे होत नाही.

आता हिशेब पाहू. कोम्बुचासाठी एक लिटर चहात साधारण ५० ते १०० ग्रॅम साखर घालतात. ७० ग्रॅम धरली, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुरुवातीला १४ ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन चमचे साखर असते. आंबल्यावर निम्मी उरली, तरी दीड चमचा पोटात जातो. वर चवीसाठी फळांचा रस घातला, की आणखी भर. हे जिभेला कळत नाही, कारण आंबटपणा गोडी झाकतो. लिंबू सरबतात किती साखर आहे, ते पिणाऱ्याला तरी कुठे कळते?

‘मग जास्त दिवस आंबवा’ हा सल्लाही बिनधोक नाही. दिवस वाढले की आम्लही वाढते. १९९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात कोम्बुचा पिणाऱ्या दोन महिला रक्तातील आम्ल वाढून गंभीर आजारी पडल्या. त्यांपैकी एकीचा मृत्यू झाला. कारण कोम्बुचाच होते हे सिद्ध झाले नाही, पण सावध राहण्यास तेवढे पुरे आहे.

बाटलीवरचा साखरेचा आकडा आंबवल्यानंतर मोजलेला असावा आणि तो ठळक छापला जावा, हा ग्राहकाचा हक्क आहे. मधुमेहींनी कोम्बुचाला गोड पेयच समजावे. नियमित पीत असल्यास डॉक्टरांना सांगावे आणि प्यायल्यानंतरची साखर तपासून पाहावी. औषधाचा डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नये. आंबवलेलेच काही हवे असेल, तर साखर न घातलेले घरचे ताक आहेच.