जुनेर

माणसाच्या वयाला मराठीत बाळपण, तरुणपण, म्हातारपण असे तीन शब्द पुरतात. लुगड्याला ते पुरत नाहीत. दुकानातून आले तेव्हा ते कोरे. दोन-चार पाण्यांतून निघाले, खळ गेली, अंगाच्या ओळखीचे झाले, पुढे विरू लागले, की त्याचे ‘जुनेर’ होते. मध्येच फाटले तर फाटका भाग कापून टाकून दोन्ही धड टोके एकमेकांना जोडतात. त्या जोडाला म्हणायचे ‘दंड’. दंड घातलेलेही टिकेना, की त्यातला जो भाग अजून धड राहिला असेल तो ‘धडपा’. धडप्याचे दुपटे होते, कुंचीला अस्तर होते, बाळोती होतात; डोक्यावर घागर घ्यायची असेल तर चुंबळ होते. मग उरते ती चिंधी. चिंधीचे पोतेरे, नाही तर पीळ घालून काकडा. काकडा जळून गेला म्हणजे लुगडे संपले. त्याआधी नाही.

मागे एम.ए.च्या वर्गात एका ग्रामीण कथेत दंडाचे लुगडे आले. मुलांनी दंड म्हणजे गाडीत तिकीट नसले की भरावा लागतो तो, असा अर्थ लावला. एका मुलीने, लुगडे दंडावरून घेतात म्हणून दंडाचे, असेही सुचवले. मला हसू आले, पण मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या घरात कापड म्हातारे होतच नाही. ते कंटाळवाणे होते आणि बाहेर जाते.

ह्याचे कारण कापडातच आहे. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडात निघाला, त्याचे पुढे टेरिलीन झाले, आणि ते आपल्याकडे आले तेव्हा बायकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. का करू नये? ते लवकर वाळते, त्याला इस्त्री लागत नाही, फाटत तर मुळीच नाही. बादलीभर धुणे पिळून ज्यांची मनगटे भरून आली आहेत, त्यांना सुती लुगड्याचे गोडवे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण त्याला जुनेर होता येत नाही हेही खरे. सुती कापड धुण्यागणिक थोडे थोडे झडते आणि म्हणून मऊ होते. शिवाय शंभर तोळे सुताने हवेतला आठेक तोळे ओलावा धरला, तर पॉलिएस्टर अर्धा तोळाही धरत नाही. घाम टिपायचा कोणी? बाळोत्याच्या कामाला ते निरुपयोगी, पोतेऱ्याच्या कामाला निरुपयोगी, आणि काकडा करायला गेलात तर वितळून ठिबकेल.

सर्वांत मोठी अडचण झाली ती गोधडीची. गोधडी आणि रजई ह्यांत हल्ली लोक घोटाळा करतात. रजईच्या पोटात कापूस असतो. गोधडीच्या पोटात, पाठीत, सगळीकडे कापडच. तिचे गणित नऊवारी लुगड्याशी बेतलेले आहे. नऊ वारांचे सव्वादोन-सव्वादोन वारांचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की वरची बाजू झाली, उरलेल्या दोहोंची खालची. एका लुगड्यात गोधडी पुरी! मध्ये भर म्हणून जुनी धोतरे, चादरी, सदऱ्यांच्या पाठी. सहावारीत दोनच तुकडे निघतात आणि एक पोरके शेपूट उरते. झाडलेल्या जमिनीवर हे थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे, आणि कडेने धावदोरा घालायला लागायचे. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, असे करीत चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत पोचायचे. दोऱ्याला फार ताण दिला तर कापड गोळा होते, सैल सोडला तर पोटात थर सरकतात. पॉलिएस्टरचे थर तर ताण देऊनही सरकतात. ते एकमेकांना धरूनच ठेवत नाहीत.

संस्कृतातली कंथा हीच. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांवरून. आमच्या सातारकडे हिलाच वाकळ म्हणतात. आणि कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या ‘कवंदी’च्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे तिकोनी ‘फुला’ बसवतात. ते नसले तर कवंदी उघडी दिसते, असे त्या समजतात. थंडी तर फुलांवाचूनही भागली असती.

आता प्रदर्शनांतून गोधड्या विकायला असतात. नवे कोरे छापील कापड आणायचे, त्याचे मुद्दाम तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे. चार बायकांना त्यातून मजुरी मिळते, ती मिळावीच. मी स्वतः एक घेतलीही आहे. फक्त तिला गोधडी म्हणताना माझी जीभ अडते. धडक्या कापडाचे तुकडे करणे हा गोधडीच्या उलटा उद्योग आहे.

गेल्या मार्गशीर्षात आमची आई गेली. ती जन्मभर नऊवारी नेसली. तिची सुती लुगडी आम्ही भावंडांनी वाटून घेतली. सहा माझ्याकडे आली, त्यांतली चार अगदी जुनेर. त्यांच्या गोधड्या करायच्या मी ठरवले, तर नाशिकहून दादाचा फोन.

“आईचं लुगडं कापायचं? हात धजेल तुझा?”

मी म्हटले, “दादा, घडी घालून ठेवलं तर घडीवरच चिरत जाईल. कसर लागेल ती निराळीच.”

“चिरू दे. पण कात्री नको.”

ह्यावर आम्ही दोघे पंधरा दिवस बोललो नाही.

गोधडी शिवणाऱ्या मावशी साठीच्या आहेत. सुई ओवून घेण्यापुरती त्यांना नातीची मदत लागते, पुढे नाही. त्यांनी माझ्या दोन रेशमी दिसणाऱ्या साड्या बोटांत चोळून परत केल्या. “ह्याचं पायपुसणं होईल बाई. पट्ट्या फाडून जाड सुईनं विणा.” (तसे विणायला मी घेतलेही आहे, क्रोशाची सुई मधल्या बोटाएवढी जाड लागते.) मग आईचे हिरवे इरकली लुगडे त्या हाताने मोजू लागल्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

“बाई, हे नऊ वार भरंना. ह्यात दंड हाय बघा.”

निऱ्यांत दडून जाईल अशा ठिकाणी तो जोड होता. टाके इतके बारीक, की उजेडाला धरल्यावाचून दिसू नयेत.

“उसवू, का ऱ्हाऊ दे?”

“राहू द्या,” मी म्हटले.

रात्री मीच दादाला फोन केला आणि हे सांगितले. बराच वेळ तो काही बोलला नाही.

“हिरवं ना? १९९७ सालचं असेल ते. तू कॉलेजात गेलीस त्या वर्षीचं. दिवाळीत तिनं लुगडं घेतलं नव्हतं. हिरवा दोरा बाजारातून मीच आणून दिला होता. तुला सांगायचं नाही म्हणाली होती.”

मला काही सुचेना. शेवटी तोच म्हणाला,

“भाऊबीजेला येताना माझ्याकडची दोन घेऊन येतो. एका लुगड्यात दोन्ही बाजू होतात ना गं?”