फुकटचे सॉफ्टवेअर, पण कुणाच्या कष्टावर?

आपल्या संगणक कक्षात मुले लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात. शाळेला त्यापोटी एक पैसाही मोजावा लागत नाही. साहजिकच काही पालक आम्हाला विचारतात की, ज्यांनी हे लिहिले त्यांच्या पदरात काय पडले? प्रश्न रास्त आहे.

ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड सर्वांना खुला. पण खुला म्हणजे बेवारस नव्हे. त्याला परवाना असतो, आणि तो कोणता हे लिहिणाराच ठरवतो. एमआयटी परवान्याची अट जवळजवळ एकच: मूळ लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर काढू नका. मग एखाद्या कंपनीने तो कोड आपल्या मालात घालून विकला तरी चालते. १९८९ साली आलेला जीपीएल अधिक कडक. विकायला त्यातही मनाई नाही; मात्र सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. लिनक्स १९९२ पासून याच परवान्याखाली आहे. आमच्या मते प्रोग्रामरला हाच अधिक न्याय देणारा. (पळवाट यातही आहेच. कंपनीने प्रोग्राम स्वतःच्याच सर्व्हरवर चालवला, तर काही द्यावे लागत नाही.)

पण पोट कोणत्याच परवान्याने भरत नाही. ओपनएसएसएलचेच पाहा. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे हे सॉफ्टवेअर जगभरातील लाखो संकेतस्थळे वापरत होती. २०१४ साली त्यात 'हार्टब्लीड' ही गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा लोकांना कळले की पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, आणि देणग्या वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर! मग मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला. तोवर नियम कुणीच मोडला नव्हता. परवान्याने मागितले नाही, म्हणून कुणी दिले नाही. याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही, पण न्यायही म्हणवत नाही.

म्हणून पालकांनी मुलांना यापासून दूर ठेवावे असे नाही. दुसऱ्याचा कोड वाचूनच मुले शिकतात. मात्र मुलांनो, आपले काम खुले करण्याआधी परवाना नीट वाचा, सही करण्यापूर्वी करारनामा वाचतात तसा. शाळेपुरते म्हणाल तर, ही दोन्ही सॉफ्टवेअर मराठीतूनही मिळतात आणि त्यांच्या भाषांतरात स्वयंसेवकांचे मोठे श्रम आहेत. त्यातील चुका शोधून त्या मंडळींना कळवणे आपल्या नववीच्या मुलांना सहज जमेल. त्यासाठी आठवड्यातला एक तास द्यावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत.