कर्जाचे व्याज तोंडपाठ, ठेवीचे व्याज कोणी विचारावे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. तरीही आमच्या घरात हिशेब कळत नाही, असे कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही. मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी घेतलेले दहा हजार रुपये, शेकडा तीन दराने, कापूस घरी येईपर्यंत सहा महिन्यांत किती होतात, हे आई चुलीपुढे बसल्या बसल्या सांगते. व्याज अठराशे. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही.

मागच्या वर्षी याच आईला मी सहज विचारले, "आई, बँक आपल्याला किती व्याज देते?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मले का मालूम? कॉलेजात तू जातेस ना?" मलाही सांगता आले नाही. मी अर्थशास्त्र शिकते, उत्पन्नातून उपभोग वजा केला की बचत उरते हे परीक्षेत लिहिते. पण आईच्या पासबुकातला दर मला ठाऊक नव्हता. त्या दिवशी वाटलेली लाज हेच या लेखाचे कारण.

'थेंबे थेंबे तळे साचे' यावर आपण सर्वांनीच शाळेत निबंध लिहिले आहेत. तळ्याला गळती किती, हे मात्र कोणत्याही निबंधात विचारले जात नाही. गरीब घरात कर्जाचा दर पाठ असतो, कारण तो विचारल्यावाचून कर्ज मिळतच नाही. ठेवीचा दर कोणी विचारत नाही, कारण बँक आपले पैसे सांभाळते हेच आपल्याला उपकारासारखे वाटते. माझ्या मते ही समजूत आता सोडली पाहिजे.

पूर्वी दर विचारण्याचे फारसे कारणही नव्हते. बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवीत असे आणि तोच सर्व बँकांना लागू होई. २५ ऑक्टोबर २०११ पासून हा दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली. त्या वेळी तो ४ टक्के होता. स्पर्धा वाढेल आणि ठेवीदाराचा फायदा होईल, अशी अपेक्षा होती. काही बँकांनी दर वाढविलेही. परंतु जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर २.५० टक्क्यांवर आणला आणि त्याच महिन्यात एचडीएफसी बँकही तेथेच आली. पोस्टाच्या बचत खात्याचा दर त्या वेळी ४ टक्केच होता.

मग सरळ पोस्टात जावे की काय? मी कागद घेऊन बसले. आई सावंगीत विद्यार्थ्यांच्या एका खानावळीत पोळ्या करते. दवाखान्यामुळे आणि वसतिगृहांमुळे आमच्या गावात हे काम बाराही महिने असते. तिच्या खात्यात साधारण बारा हजार रुपये असतात. २.५० टक्क्यांनी वर्षाचे ३०० रुपये होतात, ४ टक्क्यांनी ४८०. फरक १८० रुपयांचा. पैसे भरायला आणि काढायला चार वेळा ऑटोने वर्ध्याला गेले, एखाद्या दिवसाची मजुरी बुडाली, की हा फरक संपला.

शिवाय व्याज मोजण्याची रीतही वेगळी आहे. १ एप्रिल २०१० पासून बँका रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. पोस्टात महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळते. पाच तारखेला भरलेले पैसे किराण्यासाठी वीस तारखेला काढले, तर त्यांचे पोस्टात काहीच मिळणार नाही. बँकेत पंधरा दिवसांचे मिळेल. जे पैसे हलवायचे नाहीत त्यांना पोस्ट बरे, जे येत-जात राहतात त्यांना जवळची बँक बरी. पाटीवरचा दर मोठा दिसला म्हणून व्याज मोठे होईलच असे नाही, हे मला तेव्हा कळले.

गळतीचा अनुभव तर मी स्वतःच घेतला. शिष्यवृत्तीसाठी मी एका बँकेत खाते उघडले होते. त्यात कमीत कमी किती शिल्लक हवी, हे विचारले नाही. एका तिमाहीत व्याज पडले ९ रुपये आणि शिल्लक कमी म्हणून कापले गेले ११८ : दंड १०० आणि त्यावर जीएसटी १८. दंडापूर्वी खातेदाराला कळवून महिन्याची मुदत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. कळविले होतेही. संदेश बाबांच्या फोनवर आला होता, इंग्रजीत! तो वाचणार कोण? किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेला द्यावे लागते, हेही मला दंड भरल्यावर समजले.

कोणी म्हणेल, पतसंस्था याहून जास्त दर देतात. देतात, हे खरे. पण बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. आमच्या आजोबांनी बैल विकून आलेले पैसे जास्त व्याजाच्या आशेने एका पतसंस्थेत ठेवले होते. त्यांची पावती अजून पेटीत आहे. आजोबा नाहीत.

पण सर्वांत मोठी गळती मला शेवटी दिसली. बाबा दुसऱ्याची दोन एकर जमीन बटईने वाहतात. सातबारा नावावर नाही, त्यामुळे स्वस्त पीककर्ज मिळत नाही. म्हणून शेकडा तीनने उसने, म्हणजे वर्षाला ३६ टक्के! आणि त्याच वेळी आईचे बारा हजार बँकेत अडीच टक्क्यांनी पडून. दहा हजारांवर सहा महिन्यांत बँक देणार १२५ रुपये, आणि आम्ही बाहेर देणार १,८००.

हे मी मोठ्या तोऱ्यात आईला समजावले. ती शांतपणे म्हणाली, "रातीबेराती बाबाले दवाखान्यात न्या लागलं, त कोनाच्या दारात जाशील व? ते पैसे आहेत म्हनून झोप लागते." माझ्या पुस्तकात या झोपेचा दर दिलेला नाही. मी गप्प बसले. तिचे म्हणणे निम्मे खरे होते आणि माझेही निम्मे खरे होते. शेवटी यंदा मृगाला सात हजार खात्यातून काढले, तीन हजार उसने घेतले. पाच हजार आईच्या झोपेसाठी ठेवले. उसन्यावरचे व्याज १,८०० वरून ५४० वर आले. बँकेचे ८७ रुपये गेले, याचे दुःख कोणालाच झाले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहोत. आईवडिलांनी आपल्याला शिकविले ते केवळ पदवीसाठी नव्हे. या सुटीत घरी गेल्यावर प्रत्येकाने घरातले एक पासबुक उघडावे आणि बँकेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत : दर किती? व्याज कोणत्या शिलकीवर? कापून काय काय घेता? संकोच करू नये, कारण पैसे आपले आहेत. त्यानंतर घरातल्या कर्जाचा दर त्या दराशेजारी लिहावा आणि तो कागद घरच्यांना वाचून दाखवावा. अर्थशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांनाही विनंती, की वर्षातून एक तास या पासबुकासाठी द्यावा.

आई आता अंगठ्याऐवजी सही करते. पासबुक भरून आणले की पहिला प्रश्न तिचाच असतो : "व्याज किती पडलं व?"