आरसीवर पंधरा वर्षं, पडद्याला पाच

गेल्या गणपतीत तिसऱ्या दिवशी डोंबिवलीचे एक गृहस्थ माझ्याकडे गाडी घेऊन आले. कसालला हायवेवरून मालवणचा रस्ता फुटतो, त्याच्या जवळच माझं गॅरेज. काम ऑटो इलेक्ट्रिकचं, जोडीला स्टिरिओ आणि स्कॅनर. गाडी 2015 ची, टच स्क्रीन कंपनीनंच बसवून दिलेली. ते म्हणाले, "मेस्त्री, एवढा पडदा चालू करून द्या. आधी मोबाइलमधलं ॲप यावर दिसायचं. इंजिनाचं टेंपरेचर, बॅटरीचे व्होल्ट, सगळं. नवीन फोन घेतला आणि बंदच झालं." मी केबल बदलून पाहिली, सेटिंग तपासलं, त्या सेटसाठी कंपनीनं काही अपडेट दिलंय का ते शोधलं. शेवटचं अपडेट 2017 सालचं निघालं. मी त्यांना सांगितलं, "पडद्यात दोष नाही, फोनमध्येही नाही. पण दोघांचं आता जमत नाही, आणि ते जमवणं माझ्या हातात नाही." त्यांनी स्टिअरिंगखालचं, इंजिनाचे आकडे फोनला पाठवणारं डोंगल उपटलं, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकलं आणि गेले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तो फोंडा घाटातून. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदूळ आणि नारळ, एसी चालू, समोर चढ, आणि रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. रिले गेला होता. त्या गाडीला तापमानाचा काटा नाही. फक्त एक लाल दिवा आहे. तो लागला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. टोचन करून गाडी कसालला आणली. हेड गॅस्केट गेलेलं. काही शेकड्यांचा रिले वेळेवर बदलला असता तर हजारोंचं हेडचं काम टळलं असतं. माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा हेड उतरवताना म्हणाला, "काका, पडदो चालू आसतो तर गाडी वाचली आसती."

वाचली असती. म्हणूनच मी हे लिहितोय. असली ॲप म्हणजे गाडीच्या शौकीन पोरांचा खेळ, असं शहरात पुष्कळांना वाटतं. किती सेकंदात शंभरचा वेग गाठला, टर्बोचं प्रेशर किती झालं, ते मोजणारे आहेतच. पण आमच्याकडे त्या आकड्यांची गरज निराळी आहे. गेल्या काही वर्षांत छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटाच काढून टाकला गेला. गार इंजिनाला निळा दिवा, तापलेल्याला लाल, मधलं काही नाही. काटा होता तेव्हा माझे वडीलसुद्धा घाटात त्याच्यावर एक डोळा ठेवून गाडी चालवायचे. काटा अर्ध्याच्या वर सरकला की एसी बंद, आणखी सरकला की गाडी बाजूला. हा वेळ लाल दिवा देत नाही.

त्यात आमची हवा. मालवण, देवबाग, तारकर्लीकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे कपलर उघडून बघा. खाऱ्या वाऱ्यानं पिना हिरव्या झालेल्या असतात. पंख्याची मोटर अडखळते, अर्थिंग सैल होतं. आणि चिरेखाणीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत जांभ्याची लाल धूळ बसते, पहिल्या पावसात तिचा लेप होतो. अशी गाडी सपाटीला नीट चालते, घाट लागला की तापते. आकडा डोळ्यांसमोर असेल तर आठवडाभर आधी कळतं, की रोज 92 वर राहणारी गाडी हल्ली 99 वर जाते आहे.

हा आकडा गाडीत असतोच. भारत स्टेज 4 च्या गाड्यांना एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 बंधनकारक झालं, म्हणून त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली 16 पिनांचं एक सॉकेट आहे. अमेरिकेत ते 1996 पासून आहे. त्यात इंजिनाचं तापमान, आरपीएम, व्होल्टेज, इंधनाचं मिश्रण आणि फॉल्ट कोड ठरलेल्या पद्धतीनं मिळतात. तीनचारशे रुपयांचं डोंगल लावा, ब्लूटूथनं फोनला जोडा, टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाका, आकडे समोर. सॉकेटची पद्धत जुनी झाली तरी मोडलेली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. 2014 ची गाडी आणि 2024 ची गाडी, दोन्ही माझ्या एकाच डोंगलला उत्तर देतात.

पडद्याचं तसं नाही. मोबाइलचं चित्र गाडीच्या पडद्यावर आणायची मिररलिंक नावाची पद्धत होती. नोकियाच्या कामातून ती निघाली, 2011 मध्ये तिच्यासाठी कार आणि मोबाइल कंपन्यांची संघटना उभी राहिली, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर तिचं नाव झळकलं. पुढे 2014 मध्ये ॲपलचं कारप्ले आलं, 2015 मध्ये गूगलचं अँड्रॉइड ऑटो, आणि 2020 पर्यंत मिररलिंकला साथ देणारे फोन बाजारातून जवळजवळ संपले. गाड्या मात्र संपल्या नाहीत. त्या कसालवरून रोज जातात, पडद्यावर फक्त रेडिओ आणि घड्याळ घेऊन.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोवालेही सुटलेले नाहीत. अँड्रॉइड ऑटोला 2022 पासून फोनमध्ये किमान आठवं अँड्रॉइड लागू लागलं. शिवाय या पडद्यांवर वाटेल ते ॲप येत नाही. नकाशा, गाणी, निरोप अशा ठरावीक प्रकारांनाच परवानगी. इंजिनाचे आकडे दाखवणारी साधी ॲप तिथे सहसा बसत नाहीत. चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये हे त्यामागचं कारण मला पटतं. पण गाण्यांची यादी चालते आणि इंजिनाचं तापमान चालत नाही, हे पटत नाही. घाटात चालवणाऱ्याला कुठली माहिती जास्त उपयोगी?

मग लोक आपापला तोडगा काढतात. कोणी कंपनीचा सेट काढून बाजारातला अँड्रॉइड सेट बसवतो. आमच्याकडे हे काम पुष्कळ येतं आणि त्यातून मला पैसेही मिळतात, तरी मी सांगतो, घाई करू नका. सेट बदलताना कोणी वायरी कापून जोडल्या की पुढे पार्किंग सेन्सर बंद, स्टिअरिंगवरची बटणं बंद, कधी रात्रभरात बॅटरी बसते. डोंगलमध्येही फसवणूक आहे. ईएलएम 327 ही मूळ चिप कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची. तिच्या नकला इतक्या निघाल्या की आज बाजारात मिळणारं स्वस्त डोंगल बहुधा नक्कलच असतं, आणि मूळ कंपनी 2022 मध्ये बंद झाली. नक्कल डोंगल काही गाड्यांशी बोलतं, काहींशी बोलत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं गाडी बिघडली. आयफोनवाल्यांना तर साधं ब्लूटूथ डोंगल जोडताच येत नाही. त्यांना वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलंच घ्यावं लागतं. हे सांगायला दुकानात कोणी नसतं. आणखी एक गोष्ट: त्या सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो. गाडी दहा दिवस अंगणात उभी ठेवणार असाल तर डोंगल काढून ठेवा.

कंपन्यांचा एक मुद्दा मी खोटा मानत नाही. पडदा उघडा ठेवला तर चोर आत शिरेल, असं त्या म्हणतात. 2015 मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोघांनी दूर बसून, पडद्याच्या यंत्रणेतून, एका धावत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला होता. कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण त्यावर उपाय काय झाला ते बघा. मालकांना पेन ड्राइव्ह पाठवले गेले, त्यात अपडेट होतं. म्हणजे पडदा सुरक्षित राहतो तो अपडेट मिळत राहिल्यानं. 2017 नंतर ज्या पडद्याकडे कोणी पाहिलेलं नाही तो सुरक्षित आहे, असं कोण म्हणेल? शिवाय आकडा वाचणं आणि गाडीला हुकूम देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुकमाला कुलूप घाला, मी तक्रार करणार नाही. वाचायला कुलूप नको.

कायद्याच्या बाजूनं आपण अगदी कोरे नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणानं मिळू देत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण. दंडाचा वाद पुढे कोर्टात गेला, पण आमच्यासारख्या हायवेवरच्या मेस्त्रीलाही हक्क आहे हे पहिल्यांदा कागदावर आलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2012 मध्येच असा कायदा केला आणि 2020 मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमतानं गाडीतून वायरलेसनं जाणाऱ्या माहितीवरही मालकाचा हक्क मान्य केला. आपल्याकडे पार्ट आणि मॅन्युअलची चर्चा होते. पडद्याच्या आयुष्याची होत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासून पाच वर्षं वाढते. रोड टॅक्स आपण त्याच हिशेबानं भरतो. त्याच गाडीतला, भाव वाढवून विकलेला पडदा पाच वर्षांत मुका होतो आणि त्याची जबाबदारी कोणावर नाही. काही कंपन्यांनी तर इथला बाजारच सोडला. जनरल मोटर्सनं 2017 मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या सिंधुदुर्गात अजून धावतात आणि चांगल्या धावतात.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. गाडी विकताना पडद्याला किती वर्षं अपडेट मिळेल ते किमतीच्या कागदावर छापावं, आणि ती वर्षं नोंदणीच्या मुदतीपेक्षा कमी नसावीत. दुसरं, तापमान, व्होल्टेज आणि फॉल्ट कोड हे आकडे कंपनीच्या पडद्यावरच दिसले पाहिजेत, फोन असो वा नसो. बहुतेक गाड्यांत तो पडदा गाडीच्या त्याच वायरिंगला जोडलेला असतो, आकडा हातभर अंतरावर असतो, तो दाखवायचा एवढंच. तिसरं म्हणजे, कंपनी अपडेट देणं थांबवत असेल तर शेवटचं अपडेट आणि ते भरायची पद्धत सगळ्या गॅरेजांना फुकट द्यावी. आमच्याकडे काही कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर कोल्हापूर नाहीतर गोवा. तेवढ्यासाठी कोणी घाट उतरत-चढत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर जुनी गाडी घेऊन कोकणात येणाऱ्यांना एक विनंती. पडदा चालत नसेल तर त्याचा नाद सोडा. डोंगल लावा आणि फोन स्टँडवर, नजरेच्या टप्प्यात बसवा. निघण्याआधी सपाटीला गाडी चालू करून एसी बंद ठेवा, उभी राहू द्या आणि आकडा 95 ते 100 च्या आसपास गेल्यावर पंखा फिरतो का ते कानांनी ऐका. फिरत नसेल तर घाटाकडे जाऊच नका, वाटेतल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला रिले दाखवा. आणि चढावर आकडा 105 च्या पुढे सरकू लागला तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या, इंजिन गार होईस्तोवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.