तळमजल्याचे गाऱ्हाणे

मुंबईचा पावसाळा वर्तमानपत्रांतून आपण वाचतो, तो बहुधा रस्त्यावरचा असतो. गाड्या खोळंबल्या, सखल भागांत गुडघाभर पाणी साचले, शाळा सोडून द्याव्या लागल्या, असे त्याचे वर्णन येते आणि चार दिवसांत विस्मृतीत जाते. परंतु या पावसाळ्याचे दुसरे एक रूप आहे. ते बंद दाराआडचे असल्यामुळे त्याची छायाचित्रे कोठे छापून येत नाहीत आणि लज्जेमुळे त्याची वाच्यताही फारशी होत नाही. तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या मोरीतून आणि शौचकूपातून मैलापाणी उलट वर येते, देव्हाऱ्यापर्यंत पसरते, मुलांची दप्तरे भिजवते. किराणा दुकानदाराची पोती आणि शिंप्याकडील गिऱ्हाइकांची कापडे एका रात्रीत मातीमोल करते. पुराचे पाणी ओसरले म्हणजे माणूस देवाचे आभार मानतो. हे पाणी ओसरले तरी त्याची शिसारी घरातून महिनोन्‌महिने जात नाही.

हे कशाने होते याचे उत्तर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहे. घरातील मैलापाणी उताराने चेंबरमध्ये व तेथून रस्त्याखालील मलवाहिनीत जाते. ती वाहिनी तुंबली अथवा काठोकाठ भरली की पाणी मागे हटू लागते आणि जे तोंड सर्वांत खाली असेल तेथून बाहेर पडते. हे तोंड नेहमी तळमजल्यावरचे असते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर कोणी निश्चिंत मनाने स्नान करीत असता त्या स्नानाचे पाणी तळमजल्यावरील कुटुंबाच्या स्वयंपाकघरात उतरते. वरच्याला याची गंधवार्ता नसते आणि खालच्याला वर जाऊन सांगण्याचा संकोच वाटतो. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. तो स्थापत्याचा आहेच, परंतु त्याहून अधिक शेजारधर्माचा आहे.

मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे निराळी आणि मैल्याच्या वाहिन्या निराळ्या आहेत, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. त्यात भरतीच्या वेळी समुद्र गटारांची तोंडे अडवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या हिशेबाची मर्यादा सर्वांना दिसली. आता रस्त्यावर पाणी साचले की आपण काय करतो? कोणीतरी उत्साही गृहस्थ पहार घेऊन येतो व मॅनहोलचे झाकण उचलून देतो. पाणी भराभर आत जाते, सभोवारचे लोक समाधान पावतात. परंतु ज्या वाहिनीत केवळ मैला वाहावयाचा, तिच्यात पावसाचा लोंढा शिरल्यावर तिने तो कोठे न्यावा? ती तो पुढच्या गल्लीतील कोणाच्या तरी मोरीतून परत करते. शिवाय ते उघडे तोंड पाण्याखाली दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत शहरातील एक नामवंत डॉक्टर पायी घरी जात असता अशाच उघड्या मॅनहोलमध्ये गडप झाले आणि पुढे त्यांचा देह वरळीला सापडला. ही स्मृती आपण इतक्या लवकर पुसू नये.

कोरड्या दिवसांत वाहिनी तुंबते ती आपल्याच कर्तबगारीने. उपाहारगृहांतील तेलकट पाणी थंड झाले की नळाच्या अंगाला लोण्यासारखे थिजते. त्यावर चहाचा चोथा, भात, प्लास्टिकच्या पिशव्या, सॅनिटरी पॅड, घरदुरुस्तीचे सिमेंट यांचे थर चढतात. उपाहारगृहवाल्यांनी मोरीच्या तोंडाशी तेल अडविणारी कुंडी बसवावी व ती नियमाने साफ करावी, एवढी साधी गोष्टही जेथे होत नाही तेथे पालिकेला शिव्या देऊन काय साधणार?

संकट आलेच तर काय करावे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रथम सर्व मजल्यांवरील पाण्याचा वापर थांबवावा. हा निरोप वरपर्यंत पोचविणे हे गृहसंस्थेच्या चिटणीसाचे पहिले काम होय. पाणी विजेच्या बटणांपर्यंत चढण्यापूर्वी, कोरड्या जागी उभे राहून मुख्य बटण बंद करावे. मुलांना व वृद्धांना दूर न्यावे. अनवाणी पायांनी या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या लहानशा जखमेतूनही शिरतो, म्हणून नंतर ताप आल्यास वैद्यापासून ही गोष्ट लपवू नये. भिजलेले अन्न व गाद्या यांचा मोह सोडावा. जमीन प्रथम साबणाने धुवून मग ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावे, परंतु त्यात अ‍ॅसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. जमिनीखालील पाण्याची टाकी तपासल्यावाचून कोणीही घोटभर पाणी पिऊ नये. कावीळ आणि विषमज्वर मजले मोजीत नाहीत.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये. नाक्यावरून एखाद्या गरजू माणसाला बोलावून, चार पैसे देऊन चेंबरमध्ये उतरवू नये. तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आधी घ्राणशक्ती मारतो व मग माणूस. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांवाचून असे काम करवून घेणे हा गुन्हा ठरविला असून पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. परंतु कायद्याचे भय कशाला हवे? आपली मोरी मोकळी व्हावी म्हणून दुसऱ्याचा श्वास कोंडावा, हा व्यवहार कोणत्या संस्कृतीत बसतो?

पालिकेची जबाबदारी यामुळे तिळमात्र उणी होत नाही. नालेसफाईचे आकडे दर वर्षी जाहीर होतात. मलवाहिन्यांच्या सफाईचा हिशेबही प्रत्येक प्रभागाने रस्त्यांच्या नावांनिशी पावसाळ्यापूर्वी लावावा. ज्या गल्लीत पुन्हा पुन्हा पाणी उलटते तेथील वाहिनी बदलावी अथवा मोठी करावी. तक्रार आल्यावर यंत्र किती वेळात पोचले, हेही नागरिकांना कळावे. तसेच गृहसंस्थांनी आपल्या आवारातील चेंबर वैशाखातच उघडून साफ करावेत आणि जोखमीच्या इमारतींत उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवावी. तिचा खर्च मात्र एकट्या तळमजल्याच्या माथी मारू नये. जे पाणी सर्वांचे, त्याचा भारही सर्वांचा.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा जिना उतरून तळमजल्यावरील शेजाऱ्याच्या मोरीची विचारपूस करावी. त्या हाराला तेवढ्याने तरी काही अर्थ येईल.