रस्ता आपला, गणित परके

एखाद्या रस्त्यावर वर्षाला किती अपघात होतील याचे गणित आधीच मांडता येते. अमेरिकेत २०१० साली निघालेल्या ‘हायवे सेफ्टी मॅन्युअल’मध्ये तशी सूत्रेच आहेत. दुसऱ्या मुलखात ती वापरायची तर एक गुणक लावतात: प्रत्यक्ष झालेले अपघात भागिले सूत्राने सांगितलेले. समजा, सूत्र ५० म्हणते आणि झाले ७५, तर गुणक दीड.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हे सोयीचे वाटेल. पण सगळ्या मालावर एकच टक्केवारी चढवणारा दुकानदार दिवाळेच काढील! दीडपट का, हे गुणक सांगत नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची. अमेरिकेत त्या वर्षी हेच प्रमाण सुमारे १५ टक्के होते. तिथल्या ग्रामीण दुपदरी रस्त्याच्या सूत्रात मात्र स्कूटर काय नि ट्रक काय, वाहन ते वाहन.

शिवाय प्रत्यक्ष अपघातांचा आकडा येतो पोलिसांच्या नोंदवहीतून. किरकोळ धडक तिथवर पोचते कुठे? ती जागच्या जागी मिटते.

सूत्राचा सांगाडा खुशाल घ्यावा. आकडे मात्र आपल्याच रस्त्यावर उभे राहून मोजावेत. दुचाक्या वेगळ्या, पादचारी वेगळे. त्याला पैसा लागेल, मॅन्युअलच्या किमतीहून पुष्कळच जास्त.