माळ्यावरचे पोळे आणि शिडीवरचा माणूस



पावसाळा सरत आला की घराघरांतून माळे झाडण्याची लगबग सुरू होते. वर्षभर वर टाकलेल्या वळकट्या, जुनी भांडी, मुलांच्या वह्या-पुस्तके आणि दाखल्यांची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. नेमक्या याच वेळी कोणाच्या तरी घरात ओरड होते, "अगं बाई, गांधीलमाश्या!" यंदा एका भगिनीने पत्र पाठवून विचारले आहे की, माळ्याच्या कोपऱ्यात वाशाला गांधीलमाश्यांनी घर केले आहे. घरची मंडळी म्हणतात, नाक्यावरून एखादा मुलगा बोलावू, शे-दोनशे रुपये हातावर ठेवू, तो टेंभा पेटवून सगळे जाळून टाकील. हे बरोबर आहे काय?

बरोबर नाही. टेंभाही बरोबर नाही आणि मुलाला बोलावणेही बरोबर नाही. का, ते सविस्तर सांगतो.

आधी ओळख पटवा

आपण नांगी असलेल्या प्रत्येक उडत्या जिवाला गांधीलमाशी म्हणून मोकळे होतो. पण घरात येणाऱ्या या मंडळींत फार फरक असतो. खालूनच, विजेरीच्या उजेडात, दहा-बारा फुटांवर उभे राहून नीट पाहावे.

पहिली कुंभारीण. काही भागांत हिला भिंगुरटी म्हणतात. हिचे घर मातीचे असते. कधी छोट्या सुगडासारखे, कधी एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांसारखे. ही एकटीच राहते, एकटीच बांधते. घराची राखण करण्यासाठी अंगावर धावून येणे हा तिचा स्वभावच नाही. हाताखाली चिरडली तरच ती डंख मारील. तिच्याविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ती अळीला घरात कोंडते आणि अळी तिचाच ध्यास घेऊन शेवटी कुंभारीण होऊन बाहेर पडते, असा दाखला कीर्तन-प्रवचनांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. वस्तुस्थिती अशी की ती अळीला किंवा कोळ्याला डंख मारून बधिर करते, घरात ठेवते, तिथेच अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिलू ती शिदोरी खाऊन वाढते. अळीची कुंभारीण होत नाही, अळी खाल्ली जाते. डोळ्यांनी पाहिले असते तर दाखला टिकला नसता. असो. या घराला भोक पडलेले दिसले तर पिलू उडून गेले आहे असे समजावे आणि उलथन्याने माती खरवडून टाकावी.

दुसरी कागदी पोळे करणारी गांधीलमाशी. पोळे राखाडी रंगाचे, एका बारीक देठावर लोंबणारे, खालून उघडे. षटकोनी घरे स्पष्ट दिसतात. वाळके लाकूड आणि झाडांचे तंतू चावून, त्यांत लाळ मिसळून ही माशी खराखुरा कागद तयार करते. युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे त्या काळात, १७१९ साली, फ्रान्समधील रेओमूर या शास्त्रज्ञाने गांधीलमाशीचे हे काम पाहून लाकडापासून कागद करता येईल असे सुचविले होते. आयुष्य फायलींत घालवलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ही माशी त्यामुळे थोडी जवळची वाटते. एका पोळ्यात बहुधा दहा-वीस माश्या असतात, कधी त्याहून बऱ्याच जास्त. पोळ्याला धक्का लागला तर त्या चावतात; एरवी आपल्या कामात असतात.

तिसरी मोठी गांधीलमाशी, सुमारे इंचभर लांब. आपल्याकडे एक जात काळी आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली आढळते, दुसरी तांबूस अंगाची. हिचे पोळे कागदाचेच, पण अनेकदा त्यावर गोल वेष्टन असते. आतल्या चकत्या दिसत नाहीत, फक्त ये-जा करण्याचे भोक दिसते. भिंतीच्या पोकळीत असेल तर पोळे दिसणारच नाही, नुसती रहदारी दिसेल. हिच्या वाटेला घरच्या कोणीही जाऊ नये.

आणि पोळे मेणाचे असेल, तर त्या मधमाश्या. आपल्याकडची सातेरी मधमाशी अशा पोकळीत राहते. तिला मारू नये. जवळपासच्या मधपाळाला कळवावे. तो ती वसाहत पेटीत घालून नेऊ शकतो.

टेंभा का नको

माळा म्हणजे घरातली सर्वांत जास्त पेट घेणारी जागा. वर कौलाखालचे वासे आणि रिपा, खाली फळ्या, मध्ये गोधड्या आणि कागद. त्यात रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा नेणे म्हणजे माश्यांसाठी घर पणाला लावणे. चाळीत राहणाऱ्यांनी तर शेजारच्या दहा बिऱ्हाडांचाही विचार करावा. आपल्या घरांत ट्रंकेत काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जागेची कागदपत्रे. त्यांच्या नकला काढायला कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे मी कारकून असूनही सांगतो. माळ्याला हात लावण्याआधी ती ट्रंक पोळ्यापासून लांब असेल तर खाली घ्यावी. जवळ असेल तर पोळ्याचा निकाल लागेपर्यंत तिला हलवू नये.

डबीतला फवारा आणि आग ही जोडी त्याहून घातक. फवाऱ्याच्या डबीतला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. एकाने टेंभा धरायचा आणि दुसऱ्याने फवारा मारायचा, असा प्रकार कोणी करू नये. शेतातले कीटकनाशक घरात वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य. कौलारू माळ्यावर हवा खेळत नाही; ते विष खाली झोपलेल्या लेकरांच्या छातीत जाते.

मुलगा का नको

आता मुख्य मुद्दा. नाक्यावरचा मुलगा का बोलावला जातो? त्याला या कामाची माहिती असते म्हणून नव्हे, तर त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून. त्या दिवशी काम मिळालेले नसते. अंगात अर्ध्या बाहीचा सदरा, पायात चप्पल, शिडी डगमगती, आणि खाली आपण दार लोटून उभे. माश्या उठल्या की तो दोन्ही हातांनी तोंड झाकतो, शिडी सुटते आणि तो आठ-दहा फुटांवरून फरशीवर पडतो. डंखापेक्षा पडण्याने अधिक इजा होते. त्याचे औषधपाणी कोण करणार? बुडालेल्या मजुरीचे काय? ठरलेल्या शे-दोनशे रुपयांत हे धरलेले नसते.

हा प्रकार फक्त माळ्यापुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला फडके आणि हाती पंप, एवढ्यावर ती माणसे विषात उभी होती. धोक्याचे काम जो सर्वांत गरजू त्याच्या माथी मारायचे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. ती कोणी कोणावर लादली हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच आपल्या घरात तरी ती शिरू देऊ नये. घरातल्या धाकट्या दिराला किंवा शाळकरी पोराला "तू लहान आहेस, चटकन चढशील" म्हणून वर पाठवणे हीदेखील त्यातलीच गत.

काम द्यायचेच असेल तर ज्याचा तो व्यवसाय आहे, ज्याच्याकडे जाळीचा मुखवटा, हातमोजे आणि अंगभर पोशाख आहे, अशा पेस्ट कंट्रोलवाल्याला द्यावे. आधी विचारावे, पोशाख आहे काय? शिडी धरायला दुसरा माणूस आहे काय? नसेल तर त्याला परत पाठवावे. पैसे जास्त जातील हे खरे. चाळीत चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढली तर एकावर भार पडत नाही. माश्या काही एकाच बिऱ्हाडाच्या नसतात. मोठ्या गांधीलमाशीचे पोळे रहदारीच्या जागी असेल तर अग्निशमन दलाकडेही १०१ क्रमांकावर विचारणा करावी.

घरच्या घरी काय करता येईल

पहिला उपाय म्हणजे काहीच न करणे. कागदी पोळे अशा कोपऱ्यात असेल की जिथे कोणाचा हात पोहोचत नाही, तर ते राहू द्यावे. या माश्या पिलांना अळ्या भरवतात. परसातल्या भाजीवरची कीड त्यांच्यामुळे कमी होते.

परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की थंडी पडली की पोळे आपोआप रिकामे होते. ते त्यांच्या हवामानाचे. आपल्या दख्खनेत हा हिशेब लागू पडत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका कागदी गांधीलमाशीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यावर २००१ साली मोठा ग्रंथ लिहिला. ही माशी बाराही महिने पोळी करते. तिच्यात राणी दिसायला इतरांहून वेगळी नसते, आणि राणी गेली तर कामकऱ्यांपैकीच एक पुढे येऊन आठवडाभरात अंडी घालू लागते. तात्पर्य, एक मोठी माशी मारली की पोळे संपले, असा समज करून घेऊ नये.

पोळे अगदी नवे, रुपयाएवढे आणि त्यावर एक-दोनच माश्या असतील, तर घरातल्या धडधाकट मोठ्या माणसाने ते काढायला हरकत नाही. ज्याला पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल, त्याने मात्र जाऊ नये. वेळ दिवेलागणीनंतरची, कारण तेव्हा माश्या पोळ्यावर स्थिर असतात. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, विजार मोज्यांत खोचलेली, डोक्याला व मानेला उपरणे, डोळ्यांना चष्मा. विजेरीच्या काचेवर लाल कागद लावावा. लाल उजेड या माश्यांना नीट दिसत नाही. एका लिटर पाण्यात दोन-तीन चमचे पातळ साबण मिसळून फवारणीच्या बाटलीने माश्यांना चिंब करावे. साबणाच्या पाण्याने त्यांच्या श्वासाची छिद्रे बुजतात. मग लांब दांड्याने पोळे पाडावे आणि देठाची जागा खरवडून पुसून घ्यावी. खाली एकाने शिडी धरलीच पाहिजे आणि मुलांना दुसऱ्या घरी बसवावे.

त्यानंतर कौलांतली फट, वाशाच्या टोकाची पोकळी, झरोका यांना बारीक जाळी किंवा सिमेंट लावावे. पण आत चालू पोळे असताना बाहेरचे भोक कधीही बुजवू नये. माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट बहुधा आपल्या खोलीत उघडते.

डंख बसलाच तर

माश्या उठल्या तर हातवारे करू नयेत. तोंड झाकून थेट दुसऱ्या खोलीत जावे आणि दार लावावे. मोठी गांधीलमाशी चिरडली की तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चवताळतात. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, ती लगेच काढावी. गांधीलमाशीची अडकत नाही, म्हणून एकच माशी पुनःपुन्हा डंख मारू शकते.

जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. चुना, तंबाखू, शेण, लोखंड घासणे, यांतले काही करू नये. विष कातडीच्या आत गेलेले असते, वरून चोळलेले तिथवर पोहोचत नाही. शेणामातीने मात्र जखम चिघळते, धनुर्वाताचीही भीती असते.

ओठ, जीभ किंवा घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर किंवा उलटी आली, तर क्षणभरही थांबू नये. ही एका डंखानेही होऊ शकते अशी जीवघेणी अवस्था आहे. तिच्यावर ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच तातडीचा उपाय. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ती बोलवावी. पुष्कळ डंख बसले असतील तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्यावा. मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली तर डॉक्टरांना सांगावे. चीनच्या शान्शी प्रांतात २०१३ साली मोठ्या गांधीलमाश्यांच्या डंखांनी चाळीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही.

कोणी मंत्र घालतो म्हणाला तर त्याला वाटेला लावावे. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप व विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्या यादीत गांधीलमाशीचे नाव नसेल, पण शहाणपण तेच आहे.

माळा झाडण्याआधी विजेरी घेऊन एकदा वर पाहून घ्या. आणि कोणाला तरी वर पाठवण्याची वेळ आली, तर शिडीला पाय लावण्याआधी त्याच्या अंगावर काय आहे, तेही पाहून घ्या.